गाडी न पोचणाऱ्या डोंगरावरचं लॉज: लामा काय वाहतात आणि काय नाही

प्रश्न असा: अकोले तालुक्यात डोंगरावर, गाडी जात नाही अशा जागी, वीसेक माणसं राहतील एवढी सोय उभी करायची आहे. अमेरिकेत टेनेसी राज्यात लेकॉन्ट लॉज नावाचं ठिकाण आहे, तिथे लामा (उंटाच्या कुळातली ओझ्याची जनावरं) सामान चढवतात असं व्हिडिओत पाहण्यात आलं. तिथला रोजचा व्यवहार कसा चालतो, आणि आपल्याकडे लामा आणून जमेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: नाही जमणार. का ते पुढे सांगतो. पहिल्या प्रश्नाला मात्र निवांत बसून उत्तर द्यायला हवं, कारण व्हिडिओत लामा दिसतात आणि लॉज चालतं ते वजनकाट्यावर. मी तिथे काही हंगाम काढले ते मुख्यतः भटारखान्यात. लामा वर पोचले की ओझं उतरवायला हाताशी असेल त्याने धावायचं असतं, त्यामुळे त्या जनावरांशीही चांगली ओळख झाली. तिथे कुठलीही वस्तू हातात घेतली की डोक्यात हेच यायचं: ही वर कशाने आली, आणि खाली कशाने जाणार?

आधी जागा समजून घ्या. ग्रेट स्मोकी माउंटन्स हे अमेरिकेतलं सगळ्यात गर्दीचं राष्ट्रीय उद्यान; वर्षाला सव्वा कोटीच्या आसपास भेटींची नोंद होते. त्यातला माउंट लेकॉन्ट 6,593 फूट, म्हणजे 2,010 मीटर उंच. आपली कळसूबाई 1,646 मीटर, त्यावरून अंदाज करा. लॉज शिखराच्या जरा खाली, साधारण 6,400 फुटांवर आहे. गाडीरस्ता नाही, खोल्यांत वीज नाही, शॉवर नाही. वर जायला पाच पायवाटा. सगळ्यात जवळची अलम केव्हची, पाचेक मैलांची, आणि तीही दम काढते. मार्च सरता सरता हंगाम सुरू होतो, नोव्हेंबरात संपतो. रात्रीला साठेक पाहुणे आणि त्यांची उठबस करायला दहा-बारा माणसं.

हे प्रकरण जुनं आहे. 1925 मध्ये पॉल ॲडम्स नावाच्या तरुणाने तिथे तंबू टाकले. डोंगराला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळावा म्हणून खटपट चालली होती, त्यासाठी बड्या मंडळींना वर नेऊन मुक्काम घडवायचा होता. ॲडम्सकडे स्मोकी जॅक नावाचा कुत्रा होता. पाठीवर पिशव्या बांधलेला हा कुत्रा एकटा पायथ्याच्या गॅटलिनबर्ग गावातल्या दुकानात जायचा आणि सामान घेऊन परत वर यायचा. 1926 पासून जॅक हफने जागा हातात घेतली आणि लाकडी लॉज उभं केलं. त्याच्या आजारी आईला शिखर बघायचं होतं, तर पठ्ठ्याने खुर्ची पाठीला बांधली आणि आईला तीत बसवून वर नेलं. तो फोटो आजही बघायला मिळतो. श्रावणबाळाची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला तो फोटो समजावून सांगावा लागत नाही. भटारखान्यात काम करून आलेल्याला मात्र पहिला प्रश्न पडतो की त्या रिकाम्या खुर्चीचंच वजन किती असेल.

पुढे बरीच वर्षं घोड्यांवरून सामान जायचं. 1986 पासून लामा आले. लामा विरळ हवेत टिकतात म्हणून आणले, अशी एक समजूत असते. 2,000 मीटरवर तो मुद्दाच येत नाही. खरं कारण पायात आहे. घोड्याचं वजन चारपाचशे किलो, खाली कडक खूर आणि त्याला लोखंडी नाल. पावसाने भिजलेल्या उतारावर रोज घोडे चालले की वाट उकरली जाते, त्या चरातून पाणी वाहतं आणि दोन हंगामांत पायवाटेचा ओहोळ होतो. लामाचं वजन दीडशे किलोच्या आसपास, पायाला दोन बोटं, तळवा मऊ आणि कातडी, उंटाच्या कुळातला म्हणून. तो चाललेल्या वाटेवर माणसाच्या बुटांपेक्षा फार वेगळी खूण राहत नाही. शिवाय खायला कमी लागतं. दिवसाला अडीच-तीन किलो वाळलं गवत पुरतं.

आता मुख्य गोष्ट. वर जाणारं सामान तीन वाटांनी जातं, आणि कुठलं सामान कुठल्या वाटेने हे ठरवणं म्हणजेच लॉज चालवणं.

पहिली वाट आकाशातली. मार्चमध्ये, हंगाम उघडण्याआधी, हेलिकॉप्टर येतं. प्रोपेन वायू, पीठ, साखर, डबाबंद फळं, जे जड आहे आणि नासत नाही ते सगळं तेव्हाच चढतं. हे वर्षातून एकदाच. त्यामुळे आठ महिन्यांत किती पीठ लागेल, किती गॅस जळेल हा हिशेब थंडीतच करून ठेवावा लागतो. मार्चमधला अंदाज चुकला तर कळतं ते सप्टेंबरात, आणि मग ती तूट लामांच्या पाठीवर पडते. हेलिकॉप्टरच्या खाली जाळ्यात लटकत येणारं सामान हवेवर अवलंबून. धुकं उतरलं की सगळे आभाळाकडे बघत बसतात.

दुसरी वाट लामांची, आठवड्यातून तीनदा: सोमवार, बुधवार, शुक्रवार. एका जनावरावर साधारण 30 ते 35 किलो. आपल्या वजनाच्या पाव हिस्सा लामा आरामात नेतो, त्याच्या फार पुढे जाऊ नये. सात-आठ जनावरांची रांग म्हणजे अडीचशे किलोच्या आत-बाहेर. ऐकायला भरपूर वाटतं. आता भागाकार करा. दोन दिवसांत शंभर-सव्वाशे माणसं झोपून जातात, म्हणजे माणशी दोन किलो. एका बिछान्याच्या दोन चादरी आणि उशीचा अभ्रा यांचंच किलोभर होतं. पाहुण्यांना वाटतं लामा त्यांच्यासाठी मटण-अंडी वाहून आणतात; निम्म्या गोण्यांत त्यांची अंथरुणं असतात! म्हणूनच वरच्या खोल्यांमधल्या जाड लोकरी कांबळी वरच राहतात, धुवायला खाली जातात त्या फक्त चादरी आणि अभ्रे. उरलेल्या वजनात ताजा माल: भाजी, मांस, अंडी, लोणी.

तिसरी वाट म्हणजे माणसाची पाठ. सुट्टीवर खाली गेलेला कामगार परत येताना रिकाम्या पाठीने येत नाही. शेगडीचा एखादा सुटा भाग, कुणाचं औषध, राहून गेलेली मसाल्याची बाटली, असलं काहीबाही त्याच्याच सॅकमधून येतं.

जेवणाचा बेत यातूनच ठरतो. संध्याकाळी बरोबर सहाला जेवण, सकाळी आठला नाश्ता. रात्री सूप, रोस्ट बीफ, कुस्करलेले बटाटे, फरसबीच्या शेंगा, मक्याचा पाव, डब्यातले पीच आणि बिस्किटं. सकाळी पॅनकेक, अंडी, बेकन, मक्याच्या कण्यांची पेज, कॉफी. वर्षानुवर्षं साधारण हेच. कुणी म्हणतं की बेत बदलत का नाही, तर बहुतेक पाहुणा एकच रात्र असतो, त्याला ते नवंच. आणि बेत ठरलेला असला की साठ जणांच्या जेवणाचं वजन डोळे मिटून सांगता येतं. यादीत नुसता एक पदार्थ वाढवा, त्याच्यामागे तीन नवे जिन्नस येतात, त्यातले अर्धे उरतात आणि उरलेलं परत खाली न्यावं लागतं. तुम्ही वीस माणसांसाठी करणार असाल तरी हा धडा उपयोगी पडेल. शाकाहारी मंडळींनी नोंदणी करतानाच कळवावं लागतं. वर पोचल्यावर सांगून उपयोग नाही. अटलांटा, शार्लट भागातून आपली माणसं बरीच येतात आणि सोबत मेथीचे ठेपले असतात, ते वेगळं.

लामांच्या दिवसाची सकाळ खाली डोंगराच्या पायथ्याशी पहाटेच सुरू होते. काम दिसायला सोपं, करायला किचकट. प्रत्येक जनावराच्या पाठीवर आधी जाड नमदा, त्यावर पालाण, पोटाखालून तंग आणि मग दोन्ही अंगांना दोन गोण्या. गोणी भरली की ताणकाट्याला अडकवून बघायची. जोडीतल्या दोन्ही गोण्यांचं वजन सारखं हवं. अर्ध्या किलोचा फरकसुद्धा मैल-दोन मैलांत पालाण एका बाजूला ओढतो, मग खालच्या कातडीला घासून जखम होते. म्हणून हातात कायम एखादं बटाट्याचं पाकीट किंवा टॉवेलांची घडी ठेवलेली असते, इकडून काढून तिकडे घालायला. कडक कोपऱ्याचा डबा बरगडीच्या बाजूला येऊ द्यायचा नाही, चादरी आत आणि डबे बाहेर. तंग आवळताना लामा पोट फुगवतो. म्हणून चार पावलं चालवायचा आणि पुन्हा आवळायचा. ओझं जास्त झालं किंवा नुसतं तसं वाटलं तरी लामा चारी पाय दुमडून खाली बसतो. घोडा बिचारा ओझ्याखाली मरेपर्यंत चालेल. लामा संप करतो. मला तो त्याचा मोठा गुण वाटतो, कारण जनावरच काट्याचं काम करतं.

एका मागोमाग एक बांधलेली ही रांग ट्रिलियम गॅपच्या वाटेने निघते. साडेसहा मैलांहून जरा जास्तच चढ. वाटेत ग्रोटो फॉल्स नावाचा पंचवीसेक फुटांचा धबधबा आहे आणि पायवाट त्याच्या मागून जाते, पडद्याच्या आतून म्हणा ना. नवीन जनावराला हीच परीक्षा. समोरून पाणी कोसळतंय, पायाखाली ओला दगड, आवाज एवढा की माणसाची हाक ऐकू येत नाही. म्हणून नवा गडी कधी पुढे लावत नाहीत. दोन मुरलेल्यांच्या मधे घालतात. पुढचा कान न हलवता आत शिरला की मधला थबकतो, मान उंच करतो, मागच्याचा धक्का लागतो आणि जातो एकदाचा. बाहेर पडल्यावर सगळी रांग एकदम अंग झटकते आणि मागून चालणारा माणूस भिजतो.

सकाळी दहा-अकराच्या सुमारास ती वर येते. नाश्त्याला उरलेले पॅनकेक तोवर बाजूला काढलेले असतात; लामांना ते फार आवडतात आणि शेवटच्या चढावर त्यांच्या चालीत फरक पडतो तो ह्याच आशेने. ओझं उतरलं की तासाभरात परतीचं लादायचं: मळलेल्या चादरी, कचरा, रिकामे डबे. इथे एक गंमत आहे. लोकांना वाटतं लामा भरून वर येतात आणि मोकळे खाली जातात. तसं नाही होत. वर आलेल्या कोरड्या चादरी दमट होऊन खाली जातात, वर आलेल्या डब्यांची टरफलं खाली जातात, पाहुण्यांनी खोलीत सोडलेल्या बाटल्यासुद्धा.

थुंकण्याबद्दल सगळे विचारतात म्हणून लिहितो. लामा थुंकतात ते बहुतेक एकमेकांवर, चाऱ्यावरून आणि मानापानावरून. कान मागे पडले, मान वर गेली की मधे उभं राहायचं नाही, एवढं कळलं तरी पुरे. बाटलीने दूध पाजून, लाडाने वाढवलेला नर मात्र मोठा झाल्यावर माणसाला आपल्यातलाच समजून अंगावर येऊ शकतो. म्हणून ओझ्याच्या कामाला लहानपणी आईजवळच वाढलेले आणि खच्ची केलेले नर घेतात, आणि पूर्ण ओझं तीन-चार वर्षांचे झाल्याशिवाय घालत नाहीत.

त्यांची निगा हा खरा अवघड भाग, आणि तो व्हिडिओत येत नाही. वाटेच्या दोन्ही अंगांना ऱ्होडोडेंड्रॉन आणि माउंटन लॉरेलची दाटी असते, जूनमध्ये फुलांनी लगडलेली, आणि दोन्ही झाडं लामांना विषारी. म्हणजे वाटेत चरू द्यायचं नाही, मान खाली गेली की दोर ओढायचा. दुसरा शत्रू डोळ्याला दिसत नाही. तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांत एक जंत असतो. हरणाला त्याचं काही वाटत नाही. हरणाच्या लेंड्यांतून तो गोगलगाईत शिरतो, आणि गवताबरोबर ती बारीकशी गोगलगाय लामाच्या पोटात गेली की हाच जंत मज्जारज्जूत घुसतो. मागचे पाय लडखडायला लागतात, पुढे जनावर उठतच नाही. म्हणून पूर्व अमेरिकेत लामा पाळणारे ठरलेल्या अंतराने आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाचं इंजेक्शन देत राहतात. त्यात हयगय चालत नाही. नखं कापणं, उन्हाळ्याआधी लोकर उतरवणं, पाठीवर हात फिरवून कातडी तपासणं ही रोजची-महिन्याची कामं झाली.

लामा गेले की लॉज पुन्हा घरासारखं चालू लागतं. खोल्या झाडायच्या, अंथरुणं घालायची. वीज नसल्यामुळे उजेड रॉकेलच्या दिव्यांचा, ऊब प्रोपेनच्या हीटरची. कंदिलाच्या काचा पुसण्याचं काम ज्यांच्या लहानपणी गावाकडे होतं त्यांना ते शिकवावं लागत नाही: वात सरळ कापायची, कोपरे जरा उतरवायचे, नाहीतर ज्योतीला शिंगं फुटतात आणि काच एका बाजूने काळी होते. पाहुणे हटकून वात वर करतात, जास्त उजेड पडेल म्हणून, आणि सकाळी काच काजळीने बरबटलेली असते. प्रत्येक खोलीत एक बादली आणि एक घमेलं. गरम पाणी हवं तर भटारखान्यापाशी येऊन बादली भरून न्यायची आणि अंग पुसून घ्यायचं. पहिल्यांदा येणारे तोंड वेडावतात. पाच-सहा तास चढून आल्यावर त्याच बादलीसाठी ओळीत उभे राहतात.

दुपारी फक्त चढून-उतरून जाणारे लोक येतात, त्यांना सूप आणि बांधून दिलेलं जेवण. चारनंतर मुक्कामाचे. सहाला घंटा, सगळे एकदम टेबलांवर, वाडगे हातोहात फिरवायचे. जेवण आटपलं की पाहुणे क्लिफ टॉप्सवर सूर्यास्त बघायला जातात आणि आम्ही साठ जणांची भांडी घासायला. पहाटे तेच पाहुणे कंदील-टॉर्च घेऊन मर्टल पॉइंटला सूर्योदयाला, तेव्हा आमच्या कॉफीचं पाणी चढलेलं असतं.

खरकट्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तुमच्याकडेही हाच प्रश्न सगळ्यात आधी अंगावर येईल. स्मोकीमध्ये काळी अस्वलं दीड हजारांवर आहेत. त्यांचं नाक असं की उघड्यावर टाकलेल्या एका सालीनेही वाट लागते. एकदा माणसाचं अन्न चाखलेलं अस्वल परत येतं, धीट होतं, आणि शेवट बहुतेक वेळा अस्वलालाच भोगावा लागतो. त्यामुळे खरकटं पुरायचं नाही, फेकायचं नाही, मोरीच्या पाण्यातले कणसुद्धा गाळून घ्यायचे. बंद पिंपात, मग लामाच्या पाठीवर खाली. ताटात टाकलेलं अन्न हे वर आणताना एकदा वाहिलेलं असतं, खाली नेताना दुसऱ्यांदा. म्हणून ‘हवं तेवढंच घ्या, पुन्हा मागा’ हे सांगायला लाजू नका.

हवेचं तंत्र वेगळंच आहे. त्या भागातल्या उंच शिखरांवर वर्षाला 85 इंचांपर्यंत पाऊस पडतो. महाबळेश्वरशी तुलना केली तर काहीच नाही, पण तो बारा महिने विभागून पडतो, म्हणजे कोरडं असं कधी काही राहतच नाही. चादर दोरीवर वाळत घालण्याचा विचार कुणी करत नाही. धुकं खोलीत शिरतं. उन्हाळ्यातही संध्याकाळी स्वेटर लागतो. हिवाळ्यात लॉज बंद असतं तेव्हा राखणदार वर एकटा राहतो, रोजच्या हवामानाची नोंद ठेवतो, छपरांवरचा बर्फ उतरवतो. मार्च 1993 च्या हिमवादळात तिथे साडेचार फुटांहून जास्त बर्फ पडलं होतं. एकट्याने राहण्याचं ते काम ज्याच्या पिंडात आहे त्यानेच करावं. हंगामातही माणसांची निवड करताना कामाचा झपाटा बघण्यापेक्षा स्वभाव बघावा. त्याच दहा-बारा चेहऱ्यांबरोबर आठ महिने, चिडून बाहेर पडायचं तर दारापासून पाच मैलांची उतरण. चिडचिडा पण कामसू माणूस दोन महिन्यांत सगळ्यांना जेरीस आणतो. संथ पण हसतमुख माणूस हंगाम काढून नेतो.

आता आपल्याकडचं. लामा का नको, तर उष्मा आणि दमटपणा. लामा पाळणारे एक ढोबळ हिशेब करतात: फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतल्या आर्द्रतेचा टक्का, दोन्हींची बेरीज. 150 च्या वर गेली की जनावर जपायचं, 180 च्या जवळ आली की ओझं घालायचंच नाही. आपला जुलै घ्या, आपल्याला गार वाटतो: 25 अंश सेल्सियस म्हणजे 77 फॅरनहाइट, अधिक आर्द्रता 95, झाले 172. ऑक्टोबरात 32 अंश म्हणजे 90, अधिक 70, झाले 160. टेनेसीतही पायथ्याला उन्हाळा दमट असतो, पण तिथे रांग पहाटे निघते आणि जसजशी चढते तसतशी थंड हवेत जाते. वर तापमान 26-27 अंशांपुढे क्वचितच सरकतं. आपल्याकडे चढून वर गेलं तरी सुटका नाही. त्यात ह्या जनावराचा आजार ओळखणारा पशुवैद्य नगर जिल्ह्यात शोधायचा कुठे? हौसेखातर प्राण्याचे हाल करू नका.

घाटावरून माल वाहण्याचं शास्त्र आपल्याकडे नवीन नाही. वंजाऱ्यांचे, लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या घालून कोकणातलं मीठ वर आणि देशावरचं धान्य खाली नेत होते. आज माथेरानमध्ये मोटारगाड्यांना बंदी आहे आणि गावाचं बरंचसं सामान घोड्यांवरून आणि हातगाड्यांवरून जातं. एक दिवस तिथल्या दस्तुरी नाक्यावर, जिथे गाड्या थांबतात, नुसतं उभं राहून बघा, कशावर किती लादतात, कुठे थांबतात, पावसात काय करतात. तुमच्या कामाला गाढव किंवा खेचर योग्य. गाढव आपल्या हवेला सरावलेलं आहे, 40-50 किलो नेतं आणि त्याला सांभाळणारी माणसं जिल्ह्यात आहेत. वाट फार उभी असेल, शिडीचे टप्पे असतील तर माणूसच. मग त्याच्या डोक्यावर 20 किलोंच्या वर देऊ नका आणि मजुरी खेपेवर ठरवा, दिवसावर नको, म्हणजे तो घाई करणार नाही असं नाही, पण जड ओझं उचलून दोन खेपांचं काम एकीत उरकायचा मोह त्याला होणार नाही.

कागदपत्रांचं आधी बघा. तुम्ही म्हणता त्या पट्ट्यातला बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, 1986 पासून. लेकॉन्ट लॉजसुद्धा राष्ट्रीय उद्यान सेवेशी करार करूनच चालतं. वन विभागाची परवानगी मिळेपर्यंत एक खांबही रोवू नका.

आणि मग वही घेऊन बसा. वीस माणसं, एक रात्र, प्रत्येक वस्तू ग्रॅममध्ये. अंथरूण लॉजचं असेल तर वीस किलो चादरी रोज खाली-वर. पाहुण्यांनी आपापली चादर आणायची असा नियम केला तर तेवढं वजन पहिल्याच दिवशी शून्य. जेवणात आपण नशीबवान आहोत: बाजरी-ज्वारीचं पीठ, डाळीचं पीठ, सुकं खोबरं ह्यात पाणी कमी आणि पोटभरीचं जास्त, पिठलं-भाकरीचं माणशी वजन काढून बघाल तर रोस्ट बीफच्या निम्मंही भरणार नाही. गॅस एकदाच, पावसाळ्याआधी चढवून ठेवा. पाणी मात्र तुमच्यासाठी सगळ्यात मोठा खड्डा आहे. लेकॉन्टला झऱ्याला पाणी असतं. सह्याद्रीत मार्चनंतर खडकातली बरीच टाकी आटतात आणि माणशी वीस लिटर म्हणजे वीस किलो, तेही रोज. पाणी पाठीवर वाहून कुठलाही हिशेब जुळत नाही. जिथे मे महिन्यात पाणी नाही तिथे फेब्रुवारीत बंद करायची तयारी ठेवा. शौचालयाला कोरडी पद्धत करा आणि त्याचं खत खाली न्यायचं वजनही वहीत धरा.

लेकॉन्ट प्रत्यक्ष बघायचं असेल तर पुढच्या हंगामासाठी आदल्या वर्षीच अर्ज घेतात आणि मागणी इतकी असते की सोडत काढावी लागते. खोली मिळाली नाही तरी बिघडत नाही. सोमवार, बुधवार किंवा शुक्रवारी सकाळी लवकर ट्रिलियम गॅपच्या वाटेला लागा, ग्रोटो फॉल्सपर्यंतची चाल दीडेक मैलाचीच आहे. रांग दिसली की वाटेच्या कडेला एका बाजूने उभे राहा, खायला देऊ नका, हात लावू नका. सोबतच्या माणसाला काही विचारायचं असेल तर वर लॉजपाशी, ओझी उतरल्यावर विचारा. चढावर तो थांबला की सगळी रांग थांबते आणि पुन्हा चालू करायला बरीच मिनतवारी लागते.